डाव्या हाताची विद्या

१

केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, ही गोष्ट गोव्यात आणि आपल्या सीमाभागात सांगून-ऐकून सर्वांच्या ओळखीची झाली आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने सोडली आणि त्यांच्याबरोबर पृथ्वीवरील संगीताची एक सोनेरी तबकडी पाठवली. तिच्यावर २७ रचना आहेत. शेवटून तिसरी केसरबाईंची. आपण हे अभिमानाने सांगतो आणि तेथेच थांबतो. तबकडीच्या आरंभी, बाखच्या रचनेच्या मागोमाग काय आहे, याची चौकशी सहसा करत नाही. तेथे जावा बेटावरील योग्यकार्ता शहरातल्या पाकुआलामान राजवाड्याच्या वाद्यवृंदाने वाजवलेली ‘पुष्पवर्ण’ ही रचना आहे. नाव ऐकावे तर शेजारच्या घरातले वाटावे इतके ओळखीचे. संगीत ऐकू लागावे तर ओळखीचा धागा कोठेच हाती लागत नाही.

या दोन्ही रचनांचा त्या तबकडीशी संबंध जोडणारा माणूस एकच आहे. रॉबर्ट ब्राउन हे अमेरिकन संगीताभ्यासक. ‘पुष्पवर्ण’चे ध्वनिमुद्रण त्यांनी १९७१ मध्ये केले आणि केसरबाईंच्या भैरवीची शिफारस करणारेही तेच. ब्राउन स्वतः दक्षिणेतला मृदंग गुरूसमोर बसून शिकले होते. कॅलिफोर्नियातील ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली ते तयार झाले, त्या मँटल हूड यांचा आग्रहच असा होता की परक्या लोकांच्या संगीतावर बोलायचे असेल तर आधी ते वाजवायला बसा. आणि बसायचे ते पंडित म्हणून नव्हे, नवशिके म्हणून. हूड यांचे स्वतःचे क्षेत्र होते जावाचे गामेलन.

या आग्रहाची थोडी परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. नवशिक्याने गामेलनसमोर बसावे, हातात हातोडी घ्यावी, तर त्याच्या पदरात नेमके काय पडते? जावाचे संगीत पडते, की त्याचा नुसता सांगाडा? मी वादक नव्हे. ध्वनिमुद्रणे ऐकणारा, त्यांवरचे ग्रंथ वाचणारा, आणि सारे आयुष्य मुलांना शिकवण्यात घालवलेला माणूस आहे. तेव्हा पुढे जे लिहितो ते श्रोत्याच्या आणि शिक्षकाच्या बाजूने.

२

गामेलन हे एका वाद्याचे नाव नव्हे; ते वाद्यांच्या अख्ख्या कुटुंबाचे नाव आहे. बहुतेक वाद्ये काशाची, म्हणजे तांबे आणि कथील एकत्र वितळवून घडवलेली. सारोन म्हणजे लाकडी खोक्यावर मांडलेल्या सहा-सात जाड पट्ट्या. बोनांग म्हणजे ताणलेल्या दोऱ्यांवर दोन रांगांत पालथी ठेवलेली, माथ्यावर उंचवटा असलेली भांडी. केनोंग त्याच जातीचे, पण आकाराने बरेच मोठे. चौकटीला टांगलेले केम्पुल, आणि सर्वांत शेवटी माणसाला दोन्ही हातांनी कवेत घ्यावा लागेल असा मोठा गोंग. यांच्या जोडीला केंडांग हा दोन्ही बाजूंनी वाजणारा ढोल, गजाने वाजणारा दोन तारांचा रबाब, बासरी आणि गाणारी मंडळी.

स्वरांच्या व्यवस्था दोन. स्लेंद्रो पाच स्वरांची, पेलोग सात स्वरांची. पाच स्वर म्हटले की आपल्याला भूप आठवतो. पण स्लेंद्रोचे पाच स्वर एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे भूपाची खूणगाठ तेथे उपयोगी पडत नाही. शिवाय प्रत्येक संचाचा सूर त्याच्यापुरता असतो. एका संचातले सारोन उचलून दुसऱ्या संचात बसवले तर ते बहुधा बेसूरच ठरेल. पट्टीचे माप बाहेरून आणलेले नसते, ते घरातल्या घरात ठरलेले असते. म्हणूनच की काय, मोठ्या संचांना माणसांसारखी नावे असतात आणि नावाआधी ‘क्याई’ ही आदराची पदवी लागते. हूड यांच्या विद्यापीठातील संचाचे नाव ‘क्याई मेंडुंग’, म्हणजे आदरणीय काळा ढग.

नवशिक्याचा पहिला धडा वाजवण्याचा नसतोच. पादत्राणे बाहेर काढायची आणि कोणत्याही वाद्याला ओलांडून जायचे नाही. पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना हे समजावून सांगावे लागते. पुस्तकाला पाय लागला तर हात जोडणाऱ्या आपल्या मुलांना ते सांगावे लागणार नाही.

दुसरा धडा सारोनचा. उजव्या हातातल्या हातोडीने पट्टीवर आघात करायचा, हे कोणालाही जमते. अडचण पुढे आहे. काशाचा नाद लांबतो. पुढची पट्टी वाजवली तरी मागची घुमतच राहते आणि चार स्वरांत सुरावटीचा चिखल होतो. म्हणून उजवा हात पुढची पट्टी वाजवतो, नेमक्या त्याच क्षणी डाव्या हाताने मागची पट्टी चिमटीत धरून तिचा नाद मिटवायचा. आधी धरली तर दोन स्वरांमध्ये भोक पडते. उशिरा धरली तर दोन्ही स्वर एकमेकांवर सांडतात. म्हणजे डावा हात सतत उजव्याच्या एक घर मागे चालतो. उजवा जे बोलला ते डाव्याने आवरायचे, आणि आवरतानाही सुरावटीचा दोरा तुटू द्यायचा नाही.

मला हा धडा फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे स्वराची आस टिकवणे ही विद्या आहे. श्वास पुरवायचा, मींड लांबवायची, षड्ज लागला की तो कानात रेंगाळत ठेवायचा, या गोष्टींवर आपला रियाज उभा आहे. येथे पहिल्या दिवसापासून शिकवतात ते आस वेळेवर मिटवण्याचे. हा बालवर्गाचा धडा आहे असे मात्र समजू नये. गेंदेर नावाचे जे नाजूक वाद्य वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतर हाती येते, त्यात दोन्ही हातांत काठ्या असतात. ज्या हाताने वाजवायचे त्याच हाताच्या तळव्याने किंवा बोटांनी मागचा नाद थांबवायचा, आणि दोन्ही हातांनी दोन निरनिराळ्या ओळी चालवायच्या. सारोनवर जे डाव्या हाताने शिकले, त्याचीच ती परीक्षा असते. पहिल्या धड्याचे काम शेवटच्या इयत्तेपर्यंत पडावे, अशी अभ्यासक्रमाची रचना किती विषयांत आढळते?

आणखी एक गोष्ट. या संचात नवशिका पहिल्याच महिन्यात जाणत्या वादकांच्या ओळीत बसू शकतो. आपल्याकडेही शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो, हे खरे. पण तंबोऱ्याची जागा पार्श्वभूमीची आहे. बंदिशीची एकही ओळ त्याच्या हवाली नसते. सारोनवाल्याच्या हवाली मात्र रचनेचा कणाच असतो. त्याच्या शेजारी रबाबवर साठ वर्षांचा वादक बसलेला असतो, आणि दोघे एकच रचना वाजवत असतात. सोपे काम आणि अवघड काम एकाच कृतीत शेजारी शेजारी मांडण्याची ही युक्ती शिक्षक म्हणून मला हेवा वाटावा अशी आहे.

३

नवशिक्यांच्या वाट्याला बहुधा ‘लांचारान’ या छोट्या घाटाच्या रचना येतात. ‘मन्यार सेवू’ ही त्यांतलीच एक सर्वत्र शिकवली जाणारी रचना. मन्यार म्हणजे सुगरण पक्षी. नावाचा अर्थ हजार सुगरणी. लांचारानचे आवर्तन १६ मात्रांचे. आपल्या त्रितालाच्याही १६ मात्रा, तेव्हा येथे तरी आपले पाय जमिनीला लागले असे वाटते. फसगत होते ती येथेच.

लांचारानमध्ये केथुक नावाचे एक लहान भांडे विषम मात्रांवर टुकटुक करत राहते. ४, ८, १२ आणि १६ या मात्रांवर केनोंग वाजतो. ६, १० आणि १४ वर केम्पुल. आणि १६ व्या मात्रेवर, केनोंगाच्या जोडीने, मोठा गोंग. ही मांडणी पाहिली की एक जागा रिकामी दिसते. ६, १०, १४ या ओघाने २ ऱ्या मात्रेवरही केम्पुल हवा होता. तो मुद्दाम गाळलेला आहे. त्या वेळी नुकत्याच वाजलेल्या गोंगचा नाद ओसरलेला नसतो, त्याला जागा द्यायची असते. या रिकाम्या जागेला ‘वेला’ म्हणतात. केम्पुलवर बसलेला नवशिका हटकून तेथे हात उगारतो. त्याचा पहिला पाठ वाजवण्याचा नसून न वाजवण्याचा असतो. खालीचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या कानाला हे पटकन समजावे. फक्त आपली खाली नवव्या मात्रेवर आणि यांची गोंगच्या पायाशी.

खरा पेच मात्र गोंगचा आहे. आपण त्याला सम समजतो. एवढा गंभीर नाद झाला म्हणजे आवर्तन सुरू झाले असे आपले अंग म्हणते आणि मान हलते. जावाचा वादक गोंगला आरंभ मानत नाही. त्याच्या लेखी तेथे आवर्तन पुरे होते. चार मात्रांचा जो लहान घटक असतो, त्याला ‘गात्र’ असे आपल्याला चटकन कळणारे नाव आहे. त्यातही वजन पहिल्या मात्रेवर नसते, चौथीवर असते. एक-दोन-तीन-चार असे मोजताना आपण ‘एक’वर टाच मारतो, आणि मोजणी बरोबर असूनही वजन चुकते. मात्रा सोळाच, पण भार उलट्या टोकाला.

हे समजायला मला व्याकरणाचा आधार झाला. आपल्या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, कानडीतही तसेच. “काल संध्याकाळी तो बाजारातून आमच्या घरी...” एवढे ऐकून आपण थांबतो. आला, की आलाच नाही, हे शेवटचा शब्द सांगतो आणि आधीचे सगळे शब्द त्या एका शब्दाच्या आधाराने उभे राहतात. गोंग हे त्या वाक्याचे क्रियापद आहे. त्रिताल समेपासून निघतो आणि समेला परततो. लांचारान गोंगकडे चालत जातो. हा फरक ग्रंथ वाचून समजतो खरा, पण अंगात मुरायचा तर हातात काठी घेऊन गोंगच्या चौकटीशेजारी बसावे लागते आणि सोळावी मात्रा येईपर्यंत गप्प राहावे लागते. हूड यांचा आग्रह रास्त होता, याचा मला वाटणारा सर्वांत बळकट पुरावा हा आहे.

दुसरा पुरावा लयीचा. आपल्याकडे ठेका कायम राहतो आणि त्याच्यावर दुगुन, चौगुन चढते. गामेलनमध्ये चाल उलटी. ढोलवाला इशारा देतो आणि सारोनचा कणा संथ होऊ लागतो. दोन स्वरांमधले अंतर दुप्पट होते, पुढे चौपट. त्या वाढलेल्या जागेत बोनांग, गेंदेर, रबाब आणि गळे आपापली नक्षी भरू लागतात, आणि त्या नक्षीची गती मात्र जवळजवळ पूर्वीचीच राहते. या पातळ्यांना ‘इरामा’ म्हणतात. सारोनवर बसलेल्या नवशिक्याची अशा वेळी मोठी पंचाईत होते. त्याच्या दोन स्वरांमध्ये एवढे मोठे अंगण पसरते की आपण रचनेत आहोत की बाहेर, हेच त्याला कळेनासे होते. समोर हात हलवणारा कोणी संचालक नसतो. तेव्हा त्याला दुसऱ्यांचे ऐकावेच लागते. बोनांग कोठे पोहोचला, केनोंग कधी पडला, यांवरून आपली जागा शोधावी लागते. ज्याला फक्त स्वतःची ओळ पाठ आहे, तो येथे हरवतो.

४

येथवर हूड यांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

हूड यांनी १९६० मध्ये एका लेखात ‘द्विसांगीतिकता’ अशी कल्पना मांडली. जपानच्या राजदरबारातील गागाकू वादक स्वतःचे प्राचीन संगीत आणि युरोपचे संगीत, दोन्ही सारख्याच तयारीने वाजवतात, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. दोन भाषा बोलणाऱ्या माणसासारखा दोन संगीते बोलणारा माणूस असू शकतो. त्यासाठी कान, डोळे, हात आणि गळा यांना त्या संगीताचे शिक्षण दिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. विचार उमदा होता. पाश्चात्त्य विद्वान पूर्वेकडच्या संगीताची मोजमापे घेत बसले होते, त्यांना हूड यांनी उठवून वाद्यासमोर बसवले.

परंतु वाद्यासमोर बसूनही माणूस चुकू शकतो, आणि गामेलनच्या बाबतीत चूक कोठे झाली हे पाहण्याजोगे आहे. सारोन जी ओळ वाजवते तिला ‘बालुंगान’ म्हणतात. बालुंग म्हणजे हाड. तेव्हा बालुंगान म्हणजे सांगाडा. नवशिक्याच्या हाती जो कागद येतो त्यावर हाच सांगाडा आकड्यांत लिहिलेला असतो. ही आकडेलिपी सुराकार्ता येथे, राजाच्या प्रधानाच्या वाड्यात, १९०० च्या सुमारास युरोपीय अंकलिपीच्या धर्तीवर तयार झाली. त्या वाड्याच्या नावावरूनच तिला ‘केपातिहान’ लिपी म्हणतात. साधारण त्याच पिढीत आपल्याकडेही स्वरलिपीचे प्रयत्न चालले होते. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, पुढे पलुसकर आणि भातखंडे यांनी आपापल्या लिपी रूढ केल्या. दोन्हीकडे कळकळ एकच होती. विद्या नष्ट होऊ नये, आणि शाळेच्या वर्गात अनेकांना एकदम शिकवता यावी. सुराकार्ता येथे १९५० मध्ये संगीतशाळा निघाली, तिला या लिपीचा केवढा आधार झाला असेल हे कोणत्याही शिक्षकाला समजेल. त्याआधी मुले रात्र रात्र वादकांच्या मागे बसून ऐकत, आणि एखादा वादक उठून गेला की त्याच्या जागी बसून हात चालवत.

कागदावर सांगाडा आला आणि तो सर्व वादकांना समान दिसू लागला, तेव्हा हीच मूळ चाल आणि बाकी सारी वाद्ये तिच्यावर नक्षी काढतात, असे वाटणे साहजिक होते. हूड यांचा १९५४ चा प्रबंध याच समजुतीवर उभा आहे. सांगाड्याच्या ओळीला त्यांनी गाभा मानले आणि त्या गाभ्यावरून तेथील ‘पातेत’ची, म्हणजे आपल्या रागाशी दुरून नाते सांगणाऱ्या व्यवस्थेची, लक्षणे शोधली.

या समजुतीला तडा दिला तो सुमारसम या जावानीज वादकाने. पूर्व जावातल्या खेड्यात लहानपणी वाजवायला लागलेले, सुराकार्ताच्या संगीतशाळांत शिकलेले, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात शिकवायला गेलेले हे गृहस्थ. त्यांनी एक साधा प्रश्न पुढे केला. वादक वाजवत असताना मनात काय गुणगुणत असतात? सारोनची ओळ तर ते गुणगुणत नाहीत. सारोनला जेमतेम एका सप्तकाची धाव. चाल वरच्या सप्तकात गेली की सारोनला तीच जागा खाली आणून वाजवावी लागते. एकाच सप्तकाची पेटी असती आणि तिच्यावर नाट्यगीत वाजवायचे असते तर जशी तारेवरची प्रत्येक जागा खाली उडी मारून घ्यावी लागली असती, तसे. म्हणजे कागदावरच्या सांगाड्यातल्या कित्येक उड्या या चालीच्या नव्हेतच, त्या वाद्याच्या मर्यादेच्या आहेत. खरी चाल सलग वाहते. ती रबाबच्या आणि गळ्याच्या बरीच जवळ आहे, पण पूर्णपणे त्यांचीही नाही. ती कोणीच जशीच्या तशी वाजवत नाही. ती प्रत्येक जाणत्या वादकाच्या मनात चालू असते आणि प्रत्येक जण आपापल्या वाद्याच्या भाषेत तिचा उच्चार करतो. सुमारसम तिला ‘लागू बातिन’ म्हणतात, म्हणजे आतली चाल.

या एका कल्पनेने नवशिक्याच्या साऱ्या शिक्षणाचे मोल पुन्हा ठरवावे लागते. त्याला वाटत होते, आपल्या हाती रचनेचा गाभा दिला आहे. प्रत्यक्षात त्याच्या हाती गाभ्याची सावली आहे. कागद पाहून त्याने एकही चूक न करता सारोन वाजवले, तरी तो रचना वाजवत नसून रचनेचा पत्ता वाजवत असतो. आपल्यालाही हे नवे नाही. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तका’तली बंदिश स्वरलिपीप्रमाणे बिनचूक म्हणणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो, त्याने बंदिश गायली असे घराण्यातला माणूस म्हणत नाही.

५

मग हूड चुकले का? द्विभाषिक जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला याचे उत्तर आपल्या अंगणातच सापडते.

आमच्या भागात दुसरी भाषा कोणी प्रबंध लिहून शिकत नाही. कानडी घरातले मूल मराठी शाळेत येते तेव्हा पहिले काही महिने ते गप्प असते. नव्या शिक्षकाला वाटते, याला काही कळत नाही. जुना शिक्षक वाट पाहतो. ते मूल शब्दांआधी वाक्याची चाल ऐकत असते. प्रश्न कोठे चढतो, राग कोठे येतो, लाडाने बोलताना काय होते. मग एक दिवस ते बोलते, मोडके बोलते, पण चाल बरोबर असते. याच्या उलट, शब्दकोश पाठ करून आलेला मनुष्य शुद्ध बोलतो आणि परका वाटतो. मोडके बोलणाऱ्या त्या मुलाच्या कानात ‘आतली चाल’ उतरलेली असते. शब्दकोशवाल्याच्या हाती फक्त बालुंगान असते. हूड यांनी द्विसांगीतिकतेला भाषेची उपमा दिली, ती बरोबरच दिली. मात्र भाषा येण्याची खूण तोंडाआधी कानात दिसते, हे त्या उपमेतले मर्म सुमारसम यांनी उघड केले.

आणखी एक सावधगिरी आपल्यासाठी आहे, आणि ती जरा बोचणारी आहे. गामेलनची परिभाषा वाचताना आपल्याला पदोपदी आपले शब्द भेटतात. रस, लय, स्वर, गात्र. एका पातेतचे नाव ‘मन्युरा’, म्हणजे आपला मयूर. लगेच आपण म्हणतो, हे सगळे आपल्याकडूनच गेले. शब्द गेले असतील. पण सीमाभागातल्या माणसाने तरी शब्दांवर एवढा भरवसा ठेवू नये. ‘अवसर’ म्हणजे मराठीत संधी आणि कानडीत घाई, हे आपण रोजच्या व्यवहारात अनुभवतो. संधी द्या म्हणायला जावे आणि घाई करा असे ऐकू जावे. जावाची ‘लय’ आणि आपली लय यांचे नाव एक, पण तेथे ती इरामाच्या विस्तारणाऱ्या घरात राहते. ‘पुष्पवर्ण’ हे नाव आपल्याला कळते, म्हणून ती रचना आपल्याला कळली असे होत नाही. उलट ओळखीच्या शब्दाने कान लवकर बंद होतो. ज्याला एकही शब्द ओळखीचा नाही असा अमेरिकन विद्यार्थी कदाचित आपल्यापेक्षा अधिक नम्रतेने ऐकत असेल.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. नवशिक्या म्हणून गामेलन शिकल्याने कोणी जावानीज होत नाही, आणि ‘दोन संगीतांचा सारखा धनी’ ही हूड यांनी समोर ठेवलेली मूर्ती फार थोड्यांच्या वाट्याला येईल. परंतु गामेलनचे मोठेपण असे की त्याने अपुऱ्या माणसासाठीही खरे काम राखून ठेवले आहे. दहा शब्द येणाऱ्यालाही त्या घरात बोलण्याची जागा आहे, अट एवढीच की त्याने आपल्या दहा शब्दांना अख्खी भाषा समजू नये.

ख्यालाला हे शक्य नाही. तो एका गळ्यावर उभा असतो आणि म्हणून त्याला माणसे पारखून घ्यावी लागतात. केसरबाईंनी आपली विद्या फार थोड्यांपुढे उघडली. धोंडूताई कुलकर्णींसारखी शिष्या त्यांच्या तपश्चर्येला लाभली, हे आपले भाग्य. त्याच तबकडीवरच्या ‘पुष्पवर्ण’चे प्रमुख वासितोदिपुरो मात्र १९७१ पासून १९९२ पर्यंत कॅलिफोर्नियात राहिले आणि वर्षामागून वर्षे तेथील अनभिज्ञ मुलामुलींना शिकवत राहिले. यांत एक उदार आणि दुसरी कृपण असा निवाडा करण्यात अर्थ नाही. एका कलेला एकाग्र गळा हवा असतो, दुसरीला पंधरा-वीस जोडी हात हवे असतात. दोन्ही कला एकाच तबकडीवर बसून एकाच दिशेने चालल्या आहेत.

मला मात्र त्या कॅलिफोर्नियातल्या वर्गाचा विचार अधिक वेळा येतो. राजवाड्यात वाढलेला एक वृद्ध वादक समोर बसला आहे आणि परक्या देशातला एक मुलगा सारोनवर हातोडी मारतो आहे. त्याचा स्वर बरोबर आहे, मात्रा बरोबर आहे, पण मागची पट्टी घुमते आहे. आपला आवाज विरू द्यायला त्याचे मन तयार नाही. हे मन मला परिचयाचे आहे. आमच्या जिल्ह्यात दोन भाषा एका अंगणात नांदतात आणि प्रत्येकीला वाटते की आपलाच नाद शेवटपर्यंत घुमत राहावा. त्यातून जो चिखल होतो तोही आम्ही पाहिला आहे. स्वतःची भाषा ठसठशीत बोलण्याची विद्या आम्ही मुलांना देतो, आणि ती दिलीच पाहिजे. ती उजव्या हाताची विद्या. बोलून झाल्यावर, दोरा न तोडता, पुढच्या स्वराला जागा करून देण्याचे काम डाव्या हाताचे असते. आपल्याकडे हलकी गोष्ट म्हणजे ‘डाव्या हाताचा मळ’. जावात शिकवणीला प्रारंभ होतो तो त्याच हातापासून.